आठ दिवस काच खाली करू नका

गाडीच्या काचांना फिल्म लावून घ्यायला माणूस आला की मी त्याला आधी बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, "तुमच्या रोजच्या रस्त्यावर ओळखीचे लोक किती?" माणूस गोंधळतो. एकाने तर मला तोंडावर विचारलं, "तुमी काच काळी करणार का सोयरीक जमवणार?" मी त्याला म्हटलं, बाबा, सोयरिकी जमवत नाही, पण माझ्या हातून एक नातं तुटता तुटता राहिलंय. तेव्हापासून विचारायची सवय लागली.

मानवतला माझं दुकान आहे. कसं सुरू केलं, कोणाकडे शिकलो, ही रड सांगत बसत नाही. आमच्या कामाची गंमत एवढीच की ते चांगलं झालं तर दिसत नाही आणि बिघडलं तर सगळ्या गावाला दिसतं. काचेवर एक फुगा राहिला की गाडीत बसणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे कोणी केलं?" नीट लागलेल्या फिल्मचं श्रेय मात्र सगळे गाडीला देतात.

काम तसं सोपं दिसतं. काच साबणाच्या पाण्याने धुवायची, पात्याने खरवडायची, फिल्म मापाने कापायची, मागचा कागद सोलायचा, पुन्हा पाणी मारून ती काचेवर सरकवायची आणि रबराच्या पट्टीने मधलं पाणी कडेला काढायचं. पाणी निघालं की फिल्म बसली. मागची काच गोलाईची असते, तिला गरम हवेचं यंत्र धरून फिल्म वाकवावी लागते. जास्त गरम केली तर ती पापडासारखी आकसते. मग नवी कापायची आणि गिऱ्हाईक चहा पिऊन यायच्या आत हातातला पापड लपवायचा.

मानवतमध्ये या कामाला एक जादा शत्रू आहे, तो म्हणजे कापूस. कापसाच्या जिनिंग गिरण्या सुरू झाल्या की हवेत डोळ्यांना न दिसणारे तंतू उडत असतात. फिल्म चिकटवायच्या नेमक्या क्षणी त्यातला एक येऊन मधे बसतो आणि मग जन्मभर तिथेच राहतो. म्हणून दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मी पंखा बंद ठेवतो, फरशीवर पाणी मारतो आणि काम चालू असताना गिऱ्हाइकाला दारातच उभं करतो. लोकांना वाटतं, यात काहीतरी गुपित आहे. गुपित काही नाही, तुमच्या सदऱ्यावर कापूस आहे.

काम झालं की माझं एक ठरलेलं वाक्य असतं. "आठ दिवस काच खाली करू नका." आतला ओलावा वाळायच्या आत काच खाली गेली तर फिल्म कडेने सुटते. खरं सांगायचं तर आमच्या उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. पण आपला माणूस उतावीळ. दोन सांगितले तर तो फाटकाबाहेर पडायच्या आत काच खाली करून शेजाऱ्याला गाडी दाखवतो. आठ सांगितले तर निदान दोन पाळतो. डॉक्टर पथ्य वाढवून सांगतात, मी दिवस वाढवून सांगायचो, आणि या हुशारीचा मला अभिमानही होता.

आता फिल्म निवडायची कशी, ते सांगतो. लोकांचा पक्का समज असा की जितकी काळी तितकी थंड. हे खोटं आहे, आणि ते मला ताडकळसच्या एका विज्ञानाच्या बाईंनी माझ्याच दुकानात सिद्ध करून दाखवलं. मी त्यांना काळीकुट्ट फिल्म गळ्यात मारत होतो आणि दुसरी, जवळजवळ पारदर्शक, महागडी म्हणून कपाटातच ठेवली होती. बाईंनी पिशवीतून दोन मेणबत्त्या काढल्या. दोन्ही फिल्मचे तुकडे मागून घेतले आणि गाडीच्या पुढच्या काचेला आतून दोन बाजूंना लावले. प्रत्येक तुकड्यामागे डॅशबोर्डावर एकेक मेणबत्ती उभी केली आणि गाडी उन्हात लावून समोरच्या रसवंतीवर जाऊन बसल्या. एप्रिलचं ऊन होतं. अर्ध्या तासाने येऊन पाहतो तर काळ्या फिल्ममागची मेणबत्ती पार वाकून नमस्कार घालत होती आणि पारदर्शकमागची जराशी मान तुकवून उभी होती.

"बगा," बाई म्हणाल्या, "उजेड येगळा आन् उष्णता येगळी. तुमी इतकी वर्षं लोकायला अंधार इकायलाव."

मला मान खाली घालावी लागली. तेव्हापासून मी उष्णता अडवणारी फिल्म आधी दाखवतो. कायद्याचंही तसंच आहे. मधे तर कसलीच फिल्म चालत नव्हती. आता चालते, पण पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांमधून पन्नास टक्के उजेड आत यायला पाहिजे. एवढं पाळून गाडी गार राहते. पण लोकांना गारवा नको असतो, लोकांना लपायचं असतं.

आमच्या मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारातल्या, एका अडत्याला दुपारची झोप लपवायची होती. लिलाव संपला की गाडीतच डोळा लावायचा आणि कोणी उठवू नये, म्हणून त्याने चारी बाजू काळ्या करून घेतल्या. तिसऱ्या दिवशी हजर. "काढून टाका," म्हणाला. झालं असं की तो आत आडवा झाला आणि दोन शेतकरी येऊन त्याच्याच गाडीला टेकून उभे राहिले. एकाने काचेत बघून मिशा नीट केल्या, दातात अडकलेलं काढलं, आणि मग दोघांनी मिळून या शेठजींच्या स्वभावाचं अर्धा तास वर्णन केलं. आतून हा ऐकतोय. एसी लावावा तर गाडी घरघरेल आणि ते ओळखतील, म्हणून घामाने निथळत बसला. "सगळं खोटं बोलले का?" मी विचारलं. "तेच तर," तो म्हणाला, "निम्मं खरं होतं."

पण हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे. ज्याच्यामुळे मी तो पहिला प्रश्न विचारायला शिकलो, तो भगवान.

भगवानचं सेलूला खत-बियाण्यांचं दुकान. गाव देवगाव फाट्याहून चार-पाच किलोमीटर आत. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता आणि आता बायकोला, सुनीताला, दिवस भरत आले होते. तिचे आईवडील हयात नव्हते, म्हणून बाळंतपण सेलूच्या दवाखान्यातच ठरलं. लेकरू पहिल्यांदा घरी येईल ते उन्हात मोटारसायकलवर येऊ नये म्हणून याने जुनी का होईना, गाडी घेतली आणि थेट माझ्याकडे आणली.

"मामा, एकदम काळी करा. आतलं काय बी दिसू नाही."

"कशाला रे? चोरी करायची का?"

"नजर लागती ना. नऊ वर्सांनी व्हायलंय. लेकराला काजळ लावतेत, तसं गाडीलाच लावा की."

मी नियम सांगितला, मेणबत्तीची गोष्ट सांगितली. तो ऐकेना. पुढची मोठी काचसुद्धा काळी करा म्हणाला. ते तर सरळ चुकीचं होतं. गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ होता. पण माझ्याकडे जुन्या काळ्या फिल्मचा रोल पडून होता आणि त्याच्या तोंडावरचा आनंद असा की नाही म्हणवेना. लावली. हात माझे होते, म्हणून चूकही माझी. जाताना ठरलेलं वाक्य बोललो, "आठ दिवस काच खाली करू नकोस."

दोनच दिवसांनी त्याला मुलगी झाली.

त्यानंतर तो पुन्हा माझ्या दुकानात आला तेव्हा मुलगी दहा दिवसांची होती. मला वाटलं पेढे आणले. पेढे आणलेच होते, पण डबा टेबलावर ठेवून तो खुर्चीत नुसता बसून राहिला. मागच्या काचेला फुगा आलाय, एवढंच म्हणाला. मी पाहिलं, फुगा वाटाण्याएवढा होता. त्याच्यासाठी एवढं तोंड कोणी पाडत नाही.

"काय झालं रे?"

"अक्का बोलंना, मामा."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा हा पाच वर्षांचा होता. तिनेच याला कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तिचा नवरा गेला, पोटी मूलबाळ नाही, आणि आता ती देवगाव फाट्यावर पिठाची गिरणी चालवते. याच्या नऊ वर्षांत जितके उपास सुनीताने केले नसतील तितके अक्काने केले होते.

सुनीताला आणि मुलीला दवाखान्यातून घरी नेलं त्या दिवशी अक्का फाट्यावर रस्त्याच्या कडेला उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, भाचीवरून ओवाळून टाकायला. बाळंतीण आणि तान्हं लेकरू घेऊन निघालं की वाटेत थांबू नये, अशी आमच्याकडे समजूत. म्हणून भगवानने गाडी थांबवली नाही, पण हळू केली. काच खाली करता येत नव्हती. त्याने आतूनच अक्काला हात जोडले आणि घरी ये म्हणून खुणावलं. अक्काने काहीच केलं नाही. नुसती बघत राहिली. याने घरी जाऊन संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ती आली नाही.

"मंग रोज जाता-येता हात करतो मी तिला. ती तोंड फिरवती. गाडी थांबवली की आत जाऊन पट्टा चालू करती. फोन उचलंना. मी काय गुन्हा केलाय का, मामा? मला लेकरू झालं ह्याचंच तिला वाईट वाटायलंय का काय, असं मनात यायलंय."

परवा बारसं होतं. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानेच. नातेवाईक म्हणत होते, अक्का येत नसेल तर सुनीताच्या मावसबहिणीला उभी करा. भगवान म्हणाला, "सख्खी आत्या चार किलोमीटरवर आसताना माझ्या पोरीच्या कानात दुसरीनं नाव सांगायचं? मग बारसंच नको."

मी ऐकत होतो आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्याच्या गाडीच्या काळ्या काचेकडे जात होती. त्याला म्हटलं, जरा बाहेर चल. त्याला गाडीच्या समोर उन्हात उभं केलं, मी आत जाऊन बसलो आणि दार लावून घेतलं. त्याला हात जोडले. खुणावलं. जीभ काढून दाखवली. शेवटी आमच्या लग्नातल्या बँडमधला माणूस नाचतो तसे खांदे उडवले. मग दार उघडून विचारलं, "काय दिसलं?"

"काय बी न्हाई. माझंच तोंड दिसायलंय." मग गाडीकडे बघत म्हणाला, "म्हंजी अक्काला बी..."

"तिला फक्त काळी काच दिसली. हळू झाली आणि निघून गेली."

तो दार उघडून स्वतःच नखाने फिल्म ओरबाडायला लागला. मी त्याला बाजूला केलं, यंत्र लावून काच गरम केली आणि सोलायला सुरुवात केली. आधी पुढची मोठी काच, मग मागची, मग दारांच्या एकेक करून. लावायला नजाकत लागते, काढायला जोर लागतो. डाव्या हाताच्या मागच्या दाराची काच राहिली तेव्हा भगवान म्हणाला, "पुरं. चला."

"मी कशाला?"

"मी सांगितलं तर ती म्हणंल थापा मारायलाय. तुमी केलंय ना? तुमीच सांगा."

बरोबर होतं. मी दुकान ओढून घेतलं आणि बसलो.

फाट्यावर पोचलो तेव्हा दुपार होती. गिरणी चालू होती आणि अक्का पिठाने पांढरी होऊन दारात उभी. भगवानने गाडी गिरणीच्या भिंतीजवळ लावली. तिने आम्हाला पाहिलं आणि पट्टा बंद केला. गिरणी थांबल्यावर एकदम शांत झालं.

"अक्का, हे मानवतचे काचवाले मामा."

"मंग? मला काच बसवायची न्हाई."

मी हात जोडून सगळं सांगितलं. फिल्म कशी असते, बाहेरून कसं दिसत नाही, तुमच्या भावाने हात जोडले होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मी काय आंधळी हाय का? माणूस आत बसलंय आन् दिसत न्हाई, आसं आसतंय व्हय? मी भर उन्हात तांब्या घेऊन हुबी, आन् हा गाडीवाला झाला म्हणून काच सुदिक खाली करंना. इतका दिमाख!"

"अक्का, दोन मिनिटं आत बसून बघा. माझं खोटं निघालं तर मला याच पिठात लोळवा."

"बसते की. मला काय भ्या हाय का?"

ती मागे, डाव्या बाजूला बसली, त्या उरलेल्या काळ्या काचेमागे. मी दार लावलं. आता कोणीतरी यायला हवं होतं, आणि देवाच्या कृपेने शेजारची सखूबाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आलीच. मी आणि भगवान बाभळीखाली जाऊन उभे राहिलो.

सखूबाईने गिरणीत डोकावलं. कोणी नाही. गाडीपाशी आली. अक्का आतून हात करत असणार, कारण गाडी हलत होती. सखूबाई काचेपासून हातभर अंतरावर उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "गिरणी उघडी टाकून कुठं उलथली ही बया? भाऊ गाडीवाला झाल्यापसून हिला बी दिमाख आलाय!"

गाडी हलायची थांबली.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि अक्का बाहेर आली. सखूबाईच्या डोक्यावरचा डबा पडता पडता राहिला. एरवी अक्काने तिची सात पिढ्यांसकट पूजा बांधली असती. पण तिचं लक्षच नव्हतं. ती सरळ भगवानसमोर जाऊन उभी राहिली.

"त्या दिशी तू हात जोडले व्हते?"

"दोनी हातानं. स्टेरिंग सोडून."

"आन् घरी ये म्हणलास?"

"तीनदा."

"मंग काच खाली करायला काय धाड भरली व्हती?"

"ह्यांनी सांगितलं व्हतं, आठ दिवस खाली करू नको म्हणून."

अक्का माझ्याकडे वळली. "आठ दिवस लागतेत?"

इतकी वर्षं ते वाक्य हजारदा म्हटलं होतं, पण पिठाने माखलेल्या त्या बाईसमोर मला थाप मारवेना. "नाही," मी म्हणालो. "दोन पुरतात. त्याला तर फिल्म लावून दोन दिवस झालेच होते."

"मंग आठ कामून सांगितले?"

"लोकं ऐकत नाहीत म्हणून."

"ह्यानं ऐकलं की!" ती म्हणाली. "ल्हानपनापसून हा आसाच हाय. सांगितलं ते ऐकतंय. ह्याला काय बी सांगताना इचार करून सांगावं लागतंय." आणि बोलता बोलता तिचे डोळे भरले. पदराने पुसायला गेली तर पीठ डोळ्यात गेलं. भगवानने तिला पाणी दिलं. तोही रडत होता. मी बाभळीच्या शेंगा मोजायला लागलो. आठवडाभर दोन माणसं एकमेकांना जीव तोडून हाका मारत होती आणि मधे मी लावलेली काच होती. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तोंड धुऊन अक्का आली ती थेट गाडीत मागे जाऊन बसली. "चल. पोरगी दाव."

"बारशाला येशील ना?"

"मंग काय तुज्या बायकूची मावसबहीण नाव ठिवनार हाय का? सगळं कळालंय मला."

"नाव काय काढलंस?"

"ते पोरीच्या कानात सांगायचं आसतंय. तुला कशाला सांगू?"

तिने तिथूनच सखूबाईला, दळण ठेवून जा, उद्या ने, असं ओरडून सांगितलं. गिरणीला कुलूप लावायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही, ते सखूबाईने लावलं. मला मानवतला परत सोडायचं तर दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात नव्हतं. गाडी निघाली आणि मी दळणाच्या डब्याशेजारी उभा राहिलो. मागची काच आता स्वच्छ होती, म्हणून आतलं सगळं दिसत होतं. अक्का पुढे वाकली, तिने भगवानच्या डोक्यात मागून एक ठेवून दिली, आणि मग तो हात तिने तिथून काढलाच नाही.